धवला, बेन्जो आणि बारा मात्रांचा हिशेब

जपानमधल्या नागोया शहरात १९१२ साली गोरो मोरिता नावाच्या माणसाने एक वाद्य तयार केलं. लांबट पेटीवर ताणलेल्या तारा आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. एका हाताने बटण दाबायचं, दुसऱ्या हाताने तार छेडायची. नाव ताइशोगोतो. पुढे ते हिंदुस्थानात आलं आणि बुलबुलतरंग झालं. मग कुणीतरी त्याला पिकअप बसवला, ॲम्प्लिफायरची वायर जोडली, आणि मुंबईच्या गल्ल्यांमध्ये, खाडीकाठच्या गावांमध्ये ते 'बेन्जो' म्हणून वाजायला लागलं. अमेरिकी बॅन्जोशी त्याचं नात्यागोत्याचं काहीच नाही, फक्त नाव सारखं. आज आगरी-कोळी हळदीत ज्या किणकिणत्या, थोड्या चिरक्या सुरावर अख्खा मांडव उठतो, तो सूर या जपानी पेटीचा आहे. आणि तिथल्या कुणालाही विचारलं तर तो छातीठोकपणे सांगेल, हे आमचं वाद्य. त्याचं खोटं नाही.

वसई तालुक्यातलं जूचंद्र हे अशा हळदींचं गाव. नायगावच्या पूर्वेला, वसई रोड ते दिवा या रेल्वेमार्गावर त्याचं छोटं स्टेशन आहे. टेकडीवर चंडिकादेवी, खाली आगरी वस्ती, भोवताली शेतं आणि मिठागरं, असा त्याचा जुना नकाशा. २००९ साली वसई-विरार महापालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला, आणि या काळात नायगाव पूर्वेच्या बाजूने इमारती गावाला येऊन भिडल्या. गावाची बाहेर ख्याती आहे ती रांगोळीसाठी. इथल्या कलाकारांच्या व्यक्तिचित्रांच्या रांगोळ्या बघायला लोक लांबून येतात. गाण्यासाठी जूचंद्रचं नाव कुणी घेत नाही. तरीही आजच्या संगीतरचनेतल्या एका मोठ्या प्रश्नाकडे बघायचं असेल, तर सुरुवात इथल्या हळदीच्या मांडवापासून करावी. प्रश्न असा: एकमेकांशी न जमणाऱ्या शैली, न जुळणारे ठेके एका रचनेत आणायचे, तर ते कसे?

मांडवात काय काय असतं ते बघा. एका बाजूला धवलारीण. आगरी लग्नात विधी चालवण्याचा मान या बाईचा. ती धवला म्हणते, बरोबरच्या बायका ओळ उचलतात. साथीला वाद्य नाही. लय शब्दांवर आणि श्वासावर चालते, घाई कसलीच नाही, देवांना एकेक करून नाव घेऊन लग्नाला बोलवायचं असतं. ही गाण्याची जात मराठीत फार जुनी आहे. महानुभावांच्या महदंबेने रुक्मिणीच्या लग्नावर रचलेले धवळे तेराव्या शतकातले. दुसऱ्या बाजूला बेन्जो पार्टी: बेन्जो, ढोलकी, ताशा, ढोल, ऑक्टोपॅड, कीबोर्ड. आणि तिसऱ्या कोपऱ्यात डीजेचे स्पीकर, ज्यांतून येणाऱ्या ठोक्याने खुर्चीचा पत्रा थरथरतो. सातशे वर्षांचं अंतर एका मांडवात, एकाच संध्याकाळी.

गंमत म्हणजे मांडवात हे तिघे एकमेकांत मिसळत नाहीत. आपापली वेळ घेतात. धवला चालू असताना बेन्जोवाला तारा जुळवत बसतो. बेन्जो पेटला की धवलारीण पदर खोचून नाचायला उतरली तरी कुणाला त्यात विसंगती वाटत नाही. शेजारी शेजारी उभं राहणं ही या मांडवाची रीत. संगीतकाराचं काम मात्र इथून पुढे सुरू होतं, कारण त्याला हे सगळं चार मिनिटांच्या एका गाण्यात बसवायचं असतं. तिथे पाळीपाळीने वाजवायची सोय नाही.

'फ्यूजन' हा शब्द आपल्याकडे फार उदारपणे वापरला जातो. तबला आणि गिटार एका मंचावर बसले की फ्यूजन. भैरवीखाली ड्रम लावले की फ्यूजन. यातलं बरंचसं ऐकायला गोड आणि विसरायला सोपं असतं. याचं कारण कलाकारांच्या वकुबात नाही. दोन पद्धतींचं नेमकं कुठे पटत नाही, हे आधी न तपासताच त्यांचं लग्न लावलं जातं, तिथे घोळ आहे.

ठेक्याचंच घ्या. कोळी-आगरी गाण्याचा जो हेलकावा आहे, तो तीन-तीनच्या गटांत चालतो. बारा छोट्या मात्रा मोजल्या तर एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असे चार गट पडतात. पायाचा जोर पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मात्रेवर. आता याच बारा मात्रांत दर चार मात्रांनी टाळी द्या: पहिली, पाचवी, नववी. पाय चार पडतात, टाळ्या तीन, आणि दोघांची गाठ फक्त पहिल्या मात्रेवर. तयार ढोलकीवाला या दोन्ही मोजण्या एकाच वेळी हातात ठेवतो. डाव्या हाताच्या घुमाऱ्यावर एक, उजव्या हाताच्या चाटीवर दुसरी. ऐकणाऱ्याला हिशेब कळत नाही, पण कंबर कुठे वळायची ते कळतं.

डीजे याच गाण्याचा रिमिक्स करतो तेव्हा त्याच्याकडे चार सरळ ठोके असतात. तेही बारा मात्रांत चपखल बसतात, कारण गट चारच आहेत. अडचण ठोक्यांत नसते, ठोक्यांच्या मधल्या जागेत असते. क्लबच्या ठेक्यात प्रत्येक ठोक्याचे चार समान तुकडे पडतात, आगरी ठेक्यात तीन. हायहॅट चारच्या हिशेबाने टिकटिकत राहिला आणि ढोलकी तीनच्या हिशेबाने, तर दोघे एकमेकांच्या पायात पाय घालतात. मग कॉम्प्युटरवर ढोलकीला 'सरळ' केलं जातं, मात्रा ओढूनताणून चौकटीत बसवल्या जातात, आणि गाण्याचा हेलकावा जातो. गाणं जोरात वाजतं, पण होडीत बसल्यासारखं वाटत नाही. चांगला डीजे उलटं करतो: हायहॅट गप्प करतो, खालचा जाड ठोका तेवढा ठेवतो आणि मधली जागा ढोलकीला सोडून देतो. एवढ्या एका निर्णयाने रिमिक्स तरतो किंवा बुडतो.

वसईच्या मातीला अशा सरमिसळीची सवय जुनी आहे. १५३४ साली हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, १७३९ साली चिमाजी अप्पांनी तो परत घेतला, आणि विजयाची खूण म्हणून चर्चच्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली प्रसिद्ध घंटा त्यांतलीच; तिच्यावर १७२१ हे साल आहे. चर्चसाठी ओतलेला सूर शंकराच्या दारात टांगला गेला, आणि गोदाकाठच्या माणसांच्या कानाला तो आपला वाटायला लागला. घंटा नेणाऱ्यांच्या डोक्यात संगीत नव्हतं, हे उघड आहे. इकडे वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या ख्रिस्ती गावांमध्ये लग्नाआधी उंबराचं पाणी आणायला वाजतगाजत जातात. विधी गावचा, बोली मराठीच्या कुळातली, आणि सोबतीला ब्रास बँडचे ट्रम्पेट, क्लॅरिनेट. रेल्वेच्या एका बाजूला बेन्जो, दुसऱ्या बाजूला बँड.

हीच सरमिसळ कागदावर उतरवून, स्वर मोजून कोणी केली, हे बघायचं तर गोव्याच्या माणसांकडे जावं लागतं. तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ती मुलं मोठी होऊन मुंबईत आली, हॉटेलांत जॅझ वाजवू लागली, आणि दिवसा फिल्म स्टुडिओत. पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, या माणसांचं मोल ओळखलं. हळदोण्याचा ट्रम्पेटवादक आंतोनियु झेवियर वाझ, ज्याला मुंबई 'चिक चॉकलेट' म्हणून ओळखायची, तो त्यांचा सहायक झाला. १९५१ च्या 'अलबेला'त त्याचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. नायक भगवानदादांच्या त्या साध्यासुध्या पावलांखाली लॅटिन ठेके आहेत, आणि वरची चाल मात्र अशी की कुणीही दारात उभं राहून गुणगुणावी. सी. रामचंद्रांचं कसब इथे होतं: परका ठेका त्यांनी कधी चालीच्या डोक्यावर बसू दिला नाही.

माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी याहून अवघड रस्ता धरला. ते व्हायोलिनचे शिक्षक. प्यारेलाल त्यांच्याकडे शिकले, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यातलं नाव ही त्या शिष्याने गुरूला दिलेली दाद आहे. गोन्साल्विसांना राग आणि सिंफनी ऑर्केस्ट्रा एकत्र आणायचे होते. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात त्यांनी शंभरावर वादकांचा ताफा उभा केला. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. सारंगसारख्या रागावर त्यांनी कॉन्चेर्तो लिहिला. आज या प्रयोगाची आठवण तुरळकच निघते.

त्यांच्यापुढची अडचण किती खरी होती, हे भूप रागावरून कळतं. भूपात स्वर पाच: सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. आता पाश्चात्त्य संगीताची साधी गाडी तीन कॉर्डवर चालते: षड्जावरचा, मध्यमावरचा आणि पंचमावरचा. षड्जावरचा कॉर्ड सा-ग-प, तो भूपात बिनतक्रार बसतो. मध्यमावरचा म-ध-सा; पण मध्यम तर वर्ज्य. पंचमावरचा प-नि-रे, त्यात निषाद. म्हणजे तीनपैकी दोन कॉर्ड लावले की भूप मोडला. गिटारवाल्याने ते सवयीने लावले तर गाणं सुरेल राहील, पण राग उठून निघून गेलेला असेल आणि गायकाला कळणारही नाही की आपण एकटे का पडलो.

यातून बाहेर पडायचे रस्ते दोन-तीनच. एक, धैवतावरचा कॉर्ड घ्यायचा, ध-सा-ग. तो पूर्ण भूपातला आहे आणि त्याचा किंचित उदास रंग रागाच्या रात्रीच्या वेळेला शोभतो. दोन, कॉर्ड सोडून द्यायचे आणि खाली व्हायोलिनची दुसरी स्वतंत्र चाल चालवायची, तीही पाच स्वरांतच. तीन, मध्यम-निषाद जाणूनबुजून आणायचे, पण अशा ठिकाणी, जिथे कवितेतही काहीतरी बिघडतंय. तिसरा रस्ता सर्वांत धोक्याचा आणि जमला तर सर्वांत मोठा. फक्त त्यात नियम माहीत असल्याशिवाय तो मोडता येत नाही.

मराठी रंगभूमीने हा तिसरा रस्ता धीटपणे वापरला. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं. रविशंकरांकडे सतार शिकलेल्या या माणसाने इथे कीर्तन, भजन, लावणी आणि दशावतारी वळणं एकामागोमाग एक अशी लावली की मध्ये श्वासालाही जागा ठेवली नाही. ब्राह्मणांची रांग हरिनाम घेते आणि त्याच रांगेचे पाय बघता बघता लावणीला लागतात. दोन शैलींचा सांधा चंदावरकरांनी लपवला नाही. सांधा दिसतो तिथेच नाटकाचा डंख आहे. तो गुळगुळीत केला असता तर पुण्याला रागवायला काही उरलंच नसतं.

सहा वर्षांनी, १९७८ साली, 'तीन पैशाचा तमाशा' आला. ब्रेख्त आणि वाइलच्या १९२८ च्या नाटकाला पु. ल. देशपांड्यांनी मराठी अंगरखा घातला. इथे शैली पात्रांना वाटून दिल्या होत्या. नंदू भेंडे यांचा अंकुश रॉक गातो, तर दुसरं पात्र नाट्यसंगीताच्या ठेवणीत बोलतं, तिसरं लावणीच्या. चंदावरकरांबरोबर आनंद मोडक आणि स्वतः भेंडेही संगीताच्या कामात होते. एका नाटकात संगीतकार अनेक असावेत ही तिथे गरजच होती; एका हातातून आलेलं रॉक आणि नाट्यपद एकमेकांसारखं वाटण्याची भीती होती.

चित्रपटात अजय-अतुल या भावांनी याच प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं. 'जोगवा'त त्यांना जोगत्यांची दुनिया मिळाली, चौंडक्याची आणि तुणतुण्याची. त्या संगीताला २००८ सालच्या चित्रपटांसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग २०१६ साली नागराज मंजुळेंच्या 'सैराट'साठी ते लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर जाऊन परदेशी वादकांकडून ऑर्केस्ट्रा वाजवून घेऊन आले. करमाळ्याच्या उसाच्या शेतात हॉलिवुडची व्हायोलिनं, ही कल्पना कागदावर हास्यास्पद वाटते. 'याड लागलं'मध्ये ती हास्यास्पद होत नाही, याचं श्रेय अजय यांच्या आवाजाला. तो आवाज त्यांनी घासूनपुसून घेतला नाही. उच्चार गावाचेच ठेवले, सुरावरची खरड तशीच ठेवली. ऑर्केस्ट्रा जितका श्रीमंत, तितका आवाज रानटी. दोघांपैकी एकाने जरी दुसऱ्याच्या घरची रीत उचलली असती, तरी गाणं जाहिरातीच्या जिंगलसारखं झालं असतं. पुढे या नमुन्यावर निघालेल्या अनेक गाण्यांचं नेमकं तेच झालं.

ताल हाच ज्यांचा मुख्य विषय, त्यांच्याबद्दल थोडक्यात. माहीमच्या तबलावादक झाकिर हुसेन यांनी गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनबरोबर सत्तरच्या दशकात 'शक्ती' हा समूह उभा केला. त्याच समूहाला, शंकर महादेवन यांच्यासह, फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी मिळाला. त्रिलोक गुर्टू हे बेळगावात जन्मलेल्या शोभा गुर्टूंचे चिरंजीव. १९९३ च्या 'क्रेझी सेंट्स' या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी आईचा ठुमरीत मुरलेला आवाज आणि पॅट मेथनीची गिटार एकत्र आणली. अशा कामांत एक गोष्ट सारखी दिसते: कुणीही पाहुण्यासारखा अवघडून वाजवत नाही.

पालघर जिल्ह्यात परत येऊ. डोंगराकडच्या तालुक्यांत तारपा आहे. दुधी भोपळा, बांबू, ताडाची पानं आणि मेण यांचं हे वाद्य. वाजवणारा श्वास न तोडता फुंकत राहतो आणि नाचणाऱ्यांचं रिंगण त्याच्याभोवती फिरतं. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांनी हे वाद्य देशभर ओळखीचं केलं. स्टुडिओतल्या संगीतकाराला तारपा हवासा वाटतो आणि छळतोही. भोपळ्याचा सूर कीबोर्डच्या पट्टीत येत नाही. तो पट्टीत यावा म्हणून कॉम्प्युटरवर खेचला की तारप्याचा दाणेदारपणा जातो. शहाणपण याच्या उलट करण्यात आहे, कीबोर्ड आणि गिटार तारप्याच्या सुराला लावून घेण्यात. वेळ जातो, स्टुडिओचं भाडं वाढतं, निर्माता कुरकुरतो. म्हणून बहुतेक जण तारप्याच्या रेकॉर्डिंगचा तुकडा कापून वापरतात.

'स्वदेसी' या मुंबईच्या हिपहॉप गटाने २०१९ साली 'वारली रिव्होल्ट' हे गाणं काढलं, तेव्हा आरेच्या जंगलाचा प्रश्न पेटला होता. आरेतल्या पाड्यावरचे प्रकाश भोईर त्यात गातात आणि भोवती मराठी रॅप आहे. इथे वारली गाणं सजावटीला घेतलेलं नाही. जंगल ज्याचं आहे तो माणूस स्वतः गातो, आणि रॅप करणारे त्याच्या मागे उभे राहतात. मिश्र संगीतात कोण कुणाच्या मागे उभा आहे, हे मिक्सिंगमधल्या आवाजाच्या पातळीवरूनही ऐकू येतं.

जूचंद्रसारख्या गावांतून अशी रचना अजून व्हायची आहे. आगरी-कोळी गाण्यांचा बाजार मोठा आहे. भिवंडीचे संतोष चौधरी, ज्यांना सगळे 'दादूस' म्हणतात, यांच्यासारखे गायक टीव्हीतून घराघरापर्यंत पोहोचले. पण या गाण्यांत धवला जवळजवळ नाहीच. हळदीचा नाच आहे, नवरी आहे, मासळी आहे, एकवीरा आई आहे, डीजे आहे. लग्न लावणारी बाई नाही. कारण संगीताचं आहे: तिच्या गाण्याला ठोका नाही, आणि ठोक्याशिवाय डान्स फ्लोअर चालत नाही. धवल्याला ठोका लावला तर तो धवला राहत नाही, पाठ केलेलं बालगीत होतं. न लावला तर मांडवातली पोरं मोबाइल काढतात.

यावर उपाय नाही असं नाही. खर्जातला एकच सूर धरून ठेवून त्याच्यावर धवला मोकळा सोडता येईल, बेन्जोला मध्ये मध्ये ओळीच्या शेवटाशी एखादी सुरावट वाजवता येईल, आणि ढोलकी धवला संपल्यावर, बाईने श्वास घेतल्यावरच आत येईल. रात्री दहानंतर ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे स्पीकर बंद करावे लागतात, तेव्हा अशा गाण्याला आपोआप जागा मिळते; विनामाईक मांडवातही धवलारीण ऐकू जाते. ज्यांच्या घरी आजी-मावशी अजून धवले म्हणतात, त्या जूचंद्रच्या तरुण बेन्जोवाल्यांनी आधी ते पूर्ण, न कापता, मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवावेत, कोणत्या ओळीवर बाई किती वेळ थांबते तेही टिपून ठेवावं. कीबोर्ड त्यानंतर उघडावा.